निळ्या खोक्यातले सण

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "परदेशात राहणाऱ्या कॅनडाच्या बायकांचे सण." फोनवर जरा वेळ शांतता झाली. मग विचारलं गेलं, "एआयवर बोलणार नाहीस का?" एआयवर मी रोज ऑफिसात बोलते आणि त्याचे मला पैसे मिळतात. इथे फुकट बोलायचं आहे, तर विषय माझा.

कॅनडा मला पहिल्यांदा भेटला तो याच शाळेत, सातवी-आठवीत, भूगोलाच्या तासाला. प्रेअरीचा गहू, सूचिपर्णी वृक्षांची अरण्यं, लाकूडतोड, कागदाचा लगदा. नकाशात बाई त्याला गुलाबी रंग द्यायला लावायच्या आणि माझा गुलाबी खडू नेहमी तिथेच संपायचा, एवढा तो देश मोठा. बाई, खरं सांगायचं तर मी अजून कॅनडात पाऊल ठेवलेलं नाही. मला कॅनडा भेटला तो हॉलंडमध्ये, हेग शहरात. तिथे मी २०११ ते २०१९ अशी आठ वर्षं नोकरीला होते.

आमच्या टीममध्ये एडमंटनची एक टेस्टर होती. (इथे मी कुणाचंच नाव घेणार नाही, गावावरून ओळख करून देईन. आपल्याकडे सुनांना नाही का म्हणत, सातारची, मिरजेची.) तर या एडमंटनच्या बाईनं मला एके दिवशी विचारलं, "तुझ्या इमारतीत तळघरात सामानाची खोली आहे ना? आमचा एक खोका ठेवशील?" खोका म्हणजे निळा प्लॅस्टिकचा, झाकणाचा, दोन माणसांनी उचलायचा. मी विचारलं काय आहे यात. ती म्हणाली, "कॅनडा."

हेगमध्ये कॅनडाच्या पंधरा-वीस बायकांचा एक गट होता. त्यातल्या बहुतेक नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या. दोन वर्षं, तीन वर्षं राहायचं आणि मग पुढच्या देशात. थोड्या डच माणसांशी लग्न करून कायमच्या राहिलेल्या. आणि एडमंटनवालीसारख्या एक-दोघी स्वतःच्या नोकरीवर आलेल्या. कुणीही कधीही बदली होऊन जाणार, त्यामुळे सणांचं सामान एकीच्या घरी राहणं शक्य नव्हतं. ते त्या खोक्यात राहायचं आणि खोका घरोघर फिरायचा. मला तळघर होतं म्हणून खोका माझ्याकडे आला, आणि खोका माझ्याकडे होता म्हणून प्रत्येक सणाला मला बोलावणं आलं.

आत काय होतं? मेपलच्या पानाचे कागदी झेंडे. एक प्रचंड भाजायचं भांडं. कप आणि चमच्यांची मापं. आणि एक जाड वही. वहीत प्रत्येक सणाला एक पान आणि पानावर तीन मथळे: काय, किती, कोणाला बोलवायचं. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते कोणी करत नाही. या बायकांनी केलं होतं.

पहिलं पान थँक्सगिव्हिंगचं. अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, हे सिनेमे पाहून आपल्याला माहीत असतं. कॅनडाचं येतं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. १९५७ साली तिथल्या सरकारनं तसं ठरवून टाकलं. उत्तरेकडे थंडी लवकर, सुगी लवकर, म्हणून सणही लवकर. या बायकांना एका गोष्टीचा मनापासून राग यायचा. डच शेजारीण नोव्हेंबरात हसून म्हणायची, "आज तुमचा सण ना?" आणि त्या म्हणायच्या, "आमचा झाला." मग त्या कोटावरची मेपलच्या पानाची पिन जरा सरळ करायच्या. आपल्याला कोणी "तुम्ही मद्रासी का" म्हटलं की जसं होतं ना, तसंच.

हॉलंडमध्ये त्या सोमवारी सुट्टी नाही, म्हणून जेवण आदल्या शनिवारी. टर्की आठवडेआधी खाटकाला सांगून ठेवायची, कारण अख्खी टर्की तिथे नाताळाशिवाय कोणी मागत नाही. आणि मग खरा प्रश्न, डच घरातला ओव्हन! तो असतो मायक्रोवेव्हला जोडलेला, पाहुण्यांसारखा संकोचून बसलेला. टर्की त्यात मावत नाही. वहीत लाल शाईत लिहिलं होतं, "आधी ओव्हन मोजा, मग पक्षी मागवा." त्यावरून कळतं की कुठल्या तरी वर्षी कोणीतरी आधी पक्षी मागवला होता.

गंमत बघा, कॅनडा मेट्रिक वापरतो. अंतर किलोमीटरात, हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये. पण स्वयंपाकघरात शिरलं की ओव्हन फॅरनहाइटमध्ये आणि मैदा कपात. साडेतीनशे म्हणजे साधारण एकशेऐंशी, हे रूपांतर मी आठ वर्षांत इतक्या वेळा करून दिलं की शेवटी तक्ताच करून झाकणाला आतून चिकटवला. त्या गटात माझं तांत्रिक योगदान तेवढंच.

या बायका भांडायच्याही आपल्यासारख्याच. बटर टार्ट नावाची एक छोटी गोड वाटी असते, ओंटारिओकडची. त्यात मनुका घालायच्या की नाही यावरून मी दोन शहाण्या बायकांना आठवडाभर अबोला धरताना पाहिलं आहे. पुरणात गूळ की साखर, दुसरं काय! मॉन्ट्रियलची जी होती तिला १ जुलैच्या कॅनडा डेचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचा मोठा दिवस २४ जूनचा, सेंट जॉनचा. १ जुलै म्हणजे मॉन्ट्रियलमध्ये भाड्याची घरं बदलायचा दिवस. ती म्हणायची, "तुम्ही झेंडे लावता, आम्ही फ्रिज जिन्यावरून उतरवतो." आणि न्यूफाउंडलंडची त्या दिवशी सकाळी कुठेच यायची नाही. १ जुलै १९१६ला फ्रान्समध्ये बोमाँ-हामेल इथे न्यूफाउंडलंडची अख्खी रेजिमेंट अर्ध्या तासात कापली गेली. तेव्हा तो कॅनडाचा भागही नव्हता, झाला १९४९मध्ये. म्हणून त्यांच्याकडे सकाळी सुतक आणि दुपारनंतर सण. ती दुपारी तीनला यायची, बटाट्याचं सॅलड घेऊन, आणि कोणी तिला उशीर का म्हणून विचारायचं नाही. वहीतही होतं, "हिची तीनपर्यंत वाट बघायची."

दिवस कसे जायचे त्यांचे? नवऱ्याबरोबर आलेल्यांत एक नर्स होती, एक शिक्षिका, एक तर माझ्यासारखीच इंजिनियर. भाषा येत नाही म्हणून नर्सला काम करता येईना, आणि भाषा येईपर्यंत बदली व्हायची. मंगळवारी सकाळी कॉफी, गुरुवारी स्केव्हेनिंगनच्या समुद्रावर चालणं, महिन्यातून एक पुस्तक. सुरुवातीला मी मनात हसायचे. मी नोकरी करणारी, माझ्या डेडलाइन, आणि या बायका टेबलावरचे रुमाल कुठल्या रंगाचे यावर तासभर बोलतात! हे मी कबूल करते, कारण या सभागृहातल्या निदान चार जणी माझ्याविषयी कॉलेजात काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. "हिला हळदीकुंकवाला बोलावू नका, ही लेक्चर देते." देत होते. बायकांनी तबकं सजवण्यात आयुष्य घालवू नये, असं माझं ठाम मत होतं.

मत हललं ते २०१२च्या फेब्रुवारीत. त्या वर्षी थंडीची लाट आली आणि कालवे गोठले. ऑफिसच्या खिडकीतून बघते तर मंगळवारची कॉफीवाली मंडळी बर्फावर! पन्नाशीच्या बायका दहा वर्षांच्या पोरींसारख्या सुसाट. नर्स एका पायावर उलटी घसरत होती. मला त्यांनी खुर्ची धरून बर्फावर उभं केलं. मी पडले, पुन्हा उभं केलं. घरी आल्यावर सूप दिलं. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं की रुमालाच्या रंगावर तासभर बोलणाऱ्या बायका मधेच एकमेकींना विचारून घेत होत्या, हिचा रिपोर्ट आला का, तिच्या मुलाला शाळेत मित्र मिळाला का. रुमाल हे निमित्त होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या मला होल्टेनला घेऊन गेल्या. हेगपासून दोनेक तासांवर, पूर्वेकडे जंगलात, कॅनडाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. हॉलंड जर्मनांच्या तावडीतून सोडवताना सात हजार सहाशेहून जास्त कॅनेडियन मेले. त्यातले तेराशेहून अधिक इथे. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी गावातली शाळकरी मुलं येतात आणि प्रत्येक थडग्यापुढे एक मेणबत्ती ठेवतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ही पद्धत सुरू केली ती मूळच्या फिनलंडच्या, लग्न होऊन तिथे आलेल्या एका बाईनं. नाताळात थडग्यावर दिवा लावायची त्यांच्याकडची रीत, ती तिनं परक्या देशात, तिसऱ्याच देशाच्या मुलांसाठी लावली. दगडांवर वयं लिहिलेली आहेत. एकोणीस, बावीस, वीस. खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. आमच्यात बोलणारं कोणी नव्हतं. केप ब्रेटनची जी आमच्यात वयानं सगळ्यात मोठी, सत्तरीची, ती एकेका दगडाजवळ थांबून गाव वाचत होती. नुसतं गाव.

या केप ब्रेटनच्या बाईंविषयी सांगायलाच मी उभी आहे. त्या ऐंशीच्या दशकात डच नवऱ्याबरोबर आल्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मुलगा ऑस्ट्रेलियात. गटातल्या बाकीच्या बदलत राहायच्या, या तिथेच. डिसेंबरातला बिस्किटांचा अदलाबदलीचा कार्यक्रम कायम त्यांच्या घरी. पद्धत अशी की बारा जणी असतील तर प्रत्येकीनं एकाच प्रकारची सहा डझन बिस्किटं करून आणायची. लांब टेबलावर मांडायची. मग रिकामा डबा घेऊन टेबलाभोवती फिरायचं, प्रत्येकीची सहा-सहा उचलायची. येताना एक प्रकार, जाताना बारा. नाताळाचा फराळ तयार.

आता माझ्या घरची गोष्ट. मार्च २०१३ मध्ये बाबा गेले. मी आले, दिवस झाले, परत गेले. पुढच्या संक्रांतीला फोन केला आणि सहज विचारलं, "काय गं आई, हळदीकुंकू कसं झालं आळीत?" आई म्हणाली, "गुडघा दुखत होता, गेले नाही." मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." आणि कॅलेंडरात "आई गुडघा" असं लिहून ठेवलं. चार दिवसांनी औषधाची चौकशी केली. लेकीचं कर्तव्य पार पडलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आईला तीन महिन्यांसाठी हेगला नेलं. पहिल्याच शनिवारी थँक्सगिव्हिंग. आई माळकरी घरातली, टर्कीकडे पाठ करून बसली होती. पण टेबलावर भोपळ्याचा पाय आला, आणि भोपळा म्हटल्यावर आईनं मान वळवली. चव घेतली. मला मराठीत म्हणाली, "बरं आहे, पण तळायला पाहिजे होतं." पुढच्या मंगळवारी तिनं त्या सगळ्यांना लाल भोपळ्याचे घारगे खायला घातले. भाषा येत नसताना माझी आई त्या बायकांत माझ्यापेक्षा लवकर मुरली. मी ऑफिसात असताना केप ब्रेटनच्या बाई तिला समुद्रावर फिरायला न्यायच्या. दोघी काय बोलत असतील हे मला आजही कोडं आहे. आई म्हणते, "त्या त्यांचं बोलायच्या, मी माझं."

डिसेंबरात बिस्किटांचा दिवस आला. आई म्हणाली, आपण तिळाच्या वड्या नेऊ. सहा डझन वड्या थापल्या आम्ही. तिथे टेबलाभोवती बायका डबे घेऊन फिरायला लागल्या तशी आई हळूच म्हणाली, "अगं, हे तर वाण लुटणं." आणि खुलली. सगळ्यांच्या डब्यांत स्वतःच्या हातानं वड्या घालत गेली. मग जाताना मला विचारलं, "या घरच्या बाई, यांचे यजमान दिसले नाहीत कधी." मी सांगितलं, ते वारले, खूप वर्षं झाली. आई काही बोलली नाही. ट्राममध्ये डबा मांडीवर धरून बसली.

रात्री उशिरा ती स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "माझा गुडघा दुखत नव्हता."

मी बघत राहिले. आई म्हणाली, "पहिल्या वर्षी मला रीत म्हणून बोलावलं नाही. आता येईल ती दुसरी संक्रांत. सवय झाली असेल त्यांना."

चाळीस वर्षं आई त्या आळीत हळदीकुंकू करत होती. ज्यांना तिनं वाणं दिली, ज्यांच्या मुलींच्या डोहाळजेवणाला रात्रभर चकल्या तळल्या, त्याच सगळ्या. मी चिडले. माझं जुनं भाषण तयारच होतं, सुरू केलं. आईनं मला मधेच थांबवलं. म्हणाली, "तू त्यांना नावं ठेवू नकोस. शेजारच्या काकूंना मी तरी कुठे बोलावलं? तीस वर्षं भिंतीला भिंत. त्यांच्या घरी माझ्याकडचा आवाज जात असेल ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी आयुष्यभर हळदीकुंकवाविरुद्ध बोलत आले आणि आईला बोलावलं की नाही एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

कॅनडाच्या बायका फार थोर आणि आपल्या वाईट, असं मी सांगत नाहीये. त्या गटातल्या एकीचा घटस्फोट झाला तेव्हा जोडप्यांच्या जेवणांतून तिचं नाव अलगद गळालं. कोणी काही बोललं नाही, नुसतं आमंत्रण गेलं नाही. आपल्यासारखंच. केप ब्रेटनच्या बाईंनी तेव्हा वही मागवून घेतली आणि "कोणाला बोलवायचं" या मथळ्याखाली प्रत्येक पानावर पेनानं तिचं नाव लिहिलं. नाताळ, ईस्टर, थँक्सगिव्हिंग, कॅनडा डे, सगळीकडे. भांडल्या नाहीत, लेक्चर दिलं नाही. यादीत नाव घातलं.

आईला मी हे सांगितलं होतं. डिसेंबरअखेर ती परत निघाली तेव्हा म्हणाली, वहीत आपलं पण एक पान घालू. मी लिहून घेतलं. काय: तिळाची वडी, हळदीकुंकू. किती: तीळ दोन कप, चिकीचा गूळ दीड कप, दाण्याचं कूट अर्धा कप, वेलची. कोणाला बोलवायचं, इथे आई बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "आळीतल्या बायका. भिंतीपलीकडच्या धरून."

केप ब्रेटनच्या बाईंनी तिला जाताना मूठभर मेपलच्या पानाच्या पिना दिल्या. त्या जानेवारीत, २०१५ला, आईनं आळीत स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना बोलावलं. पंचवीस घरं. अकरा जणी आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं तिनं मला फोनवर सांगितली, रागानं नव्हे, हजेरी घ्यावी तशी. काकू आल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या दारातूनच हात जोडले. आईनं तिळगूळ त्यांच्या घरी नेऊन दिला. पुढच्या वर्षी सतरा जणी आल्या, काकू नाहीत. तिसऱ्या वर्षी मात्र आईच्या हाताची तयारी होण्याआधीच काकू येऊन बसल्या होत्या. आईनं त्यांना कुंकू लावलं. त्यांनी आईला लावलं. दोघींच्याही हाताला कंप होता असं आई सांगते, आणि लगेच म्हणते, "वयानं गं."

मी २०१९ मध्ये पुण्याला परत आले. खोका ससकॅचवानच्या एका नव्या मुलीच्या तळघरात गेला. झाकणावर माझा फॅरनहाइटचा तक्ता आहे आणि वहीत आईचं पान. मागच्या संक्रांतीला तिनं मला तीळ भाजतानाचा फोटो पाठवला होता. जरा करपले होते.

बोलायची वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, आणि भुकेची चुळबुळ मला इथून दिसते आहे. एकच निवेदन. माझी आई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, शेजारी काकू आहेत. काकूंच्या पदराला जी लाल पिन आहे ती कुठल्या पक्षाची नाही, दुपारपासून तिघांनी विचारलं म्हणून सांगते, ते मेपलचं पान आहे. येत्या रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. आपल्या वर्गातल्या ज्या या गावात आहेत आणि ज्यांच्या आया इथे आहेत, त्या सगळ्यांना बोलावणं आहे. आईनं यादी केली आहे, जेवताना तिच्याकडे जाऊन आपलं नाव आहे ना ते बघून घ्या. नसेल तर तिच्याकडे पेन आहे.